हजर

तुम्ही फाटकाला कुलूप लावलंत, किल्ली खिशात टाकलीत आणि घरी जाऊन हात धुऊन पानावर बसलात. एकवीस दिवस आत माणसं तापानं फणफणत होती आणि तुम्हाला एकच काळजी होती, कुलूप नीट लागलंय ना. आता तुम्ही आमच्या घरी मानपत्र पाठवता? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात हे ऐकून होते. मढ्यालाच साक्षीला उभं करणारे पहिल्यांदा पाहिले.

एवढं लिहून धाकटीनं पेन शिवणयंत्राच्या पाटावर आडवं ठेवलं. लिहायला दुसरी जागाच नव्हती. टेबल दादानं अडवलं होतं. त्याच्यासमोर कार्यालयाचा जाड कागद होता, कागदावर चष्म्याचं घर, आणि शेजारी टोपण काढलेलं पेन. बत्तीस वर्षं शाळेत मुलांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारून हा माणूस निवृत्त झाला होता, पण कागद समोर आला की अजून पाठ ताठ व्हायची.

"झालं का पुराण लिहून?" तो न बघताच म्हणाला. "पाच वाजता शिपाई येईल. त्याला सही हवी आहे, शिव्या नकोत."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते.

"दादा, दुसरं पान पुन्हा एकदा वाच."

"वाचलंय."

"मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं नाही. मग त्याच्याच मुलीनं वाचलं. पुतणी त्याच कार्यालयात टंकलेखक होती. पहिलं पान मानपत्राचं, ते घरी आलं होतं: परिचारिका अखेरच्या दिवसापर्यंत कामावर हजर होत्या, दवाखान्याच्या भिंतीवर त्यांचं नाव कोरण्यात येईल, कुटुंबाला हे मान्य आहे, खाली सही. दुसरं पान घरी येणार नव्हतं. ते तिनं टाइप केलं होतं आणि कार्बन कॉपी कपड्यात दडवून काल घरी आणली होती.

"बारा तारखेनंतर वस्तीत अकरा मृत्यू झाले," पुतणी वाचत होती, एका सुरात, जशी टाइप करताना वाचते तशी. "सदर काळात परिचारिका वस्तीत हजर होती. सबब कार्यालयाकडून कोणतीही हयगय झालेली नाही. मृत्यूंची जबाबदारी हजर परिचारिकेच्या..."

"पुरे," वहिनी दारातून म्हणाली. चहाचे कप तिनं असे आदळले की एकाचा कान उडाला. "एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. कागद कापडात गुंडाळून आणताना या पोरीला भीती वाटली नाही, आणि मला इथे रात्रभर डोळा नाही. हिची नोकरी गेली म्हणजे?"

"आई, नोकरीचं..."

"तू गप्प. मेल्या म्हशीला मणभर दूध, जग असंच आहे. कोरतायत नाव तर कोरू देत. दुसरं पान फायलीत जाईल. फाईल कोण उघडतं? झुरळं."

"बघ," दादा धाकटीला म्हणाला. "अडाण्यालाही कळतं ते तुला कळत नाही."

"अडाणी कोणाला म्हणालात?" वहिनी वळली. दादानं चष्मा पुसायला घेतला.

दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर सुईण बसली होती. कालव्यापलीकडच्या वस्तीतली. मघापासून ती एक शब्द बोलली नव्हती. चहाचा कप तिनं दोन्ही हातांत धरला होता, पण प्यायली नव्हती. तिची नजर घरातल्या माणसांवर नव्हती. ती उघड्या दाराकडे बघत होती, दार भिंतीला जिथं टेकतं त्या फटीकडे.

धाकटीनंच तिला बोलावून आणलं होतं. सगळी मदार तिच्यावर होती.

मानपत्रातली परिचारिका म्हणजे थोरली बहीण. घरात तिला सगळेच सिस्टर म्हणायचे. आतल्या खोलीत चार वर्षं अंथरुणाला खिळलेली आईसुद्धा. "पोटच्या पोरीला सिस्टर म्हणणारी मीच पहिली असेन," असं म्हणून हसायची. एकटी धाकटी तेवढी ताई म्हणायची. ताईनं सव्वीस वर्षं ती वस्ती दारोदार फिरून सांभाळली. बाळंतिणी, खोकल्याचे म्हातारे, खरजेची पोरं. तिच्याकडे सेकंदकाटा असलेलं घड्याळ होतं, पण ते ती पिशवीतच ठेवायची. नाडी धरली की प्रार्थना म्हणायची. सावकाश, मध्ये दोनदा श्वास घेऊन. प्रार्थना संपली की बरोबर एक मिनिट. एकदा दादानं घड्याळ लावून बघितलं होतं, तिला खोटं पाडायला. साठ सेकंद भरले. "देवानं चावी दिलीय," ताई म्हणाली होती, आणि दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

आणि जाताना दारामागे तारीख लिहायची. प्रत्येक घरात, आतल्या बाजूनं, निळ्या खडूनं. खडू धाकटीच्या शिवणाच्या डब्यातला, कापडावर खुणा करायचा चपटा. ताई डावखुरी होती. लिहिलेल्या आकड्यावरूनच तिचा हात पुढे सरकायचा, त्यामुळे तिची प्रत्येक तारीख फासलेली असायची, जणू कोणी लिहून पुसायला घेतली आणि विचार बदलला. तापाच्या साथीत वस्तीचं फाटक बंद झालं त्या सकाळी ती आपणहून आत गेली. दारात दादा म्हणाला होता, "स्वतःला देवाची लाडकी समजतेस. देवाला तुझ्यावाचून अडलंय का?" ती म्हणाली, "देवाला नसेल अडलं. सुईणीला अडलंय." हे शेवटचं बोलणं.

बारा तारखेला ती तापानं गेली. धाकटीनं कालव्याच्या अलीकडून बघितलं होतं. पलीकडच्या काठावर सुईणीनं आणि आणखी दोघांनी तिला चादरीत गुंडाळून मातीत ठेवलं. चादरीची किनार धाकटीनंच दुमडून शिवली होती, इतक्या लांबूनही टाका ओळखू आला. फाटकवाल्यानंही बघितलं. पण त्याच्या वहीत दोनच रकाने होते, आत आणि बाहेर. ताई आत गेल्याची नोंद होती. बाहेर आल्याची नव्हती. बाहेर आली नाही म्हणजे आत आहे, आत आहे म्हणजे हजर. कार्यालयाचं गणित एवढंच. मरणाला त्यांच्या वहीत रकानाच नव्हता.

"मावशी," पुतणी सुईणीसमोर उकिडवी बसली. "तुम्ही एवढंच सांगायचं. बारा तारखेला गेली, मी स्वतः मातीत ठेवली. खाली अंगठा. मग तेरापासून पुढे कोणी नव्हतं, तुम्ही नर्स पाठवली नाही, कुलूप उघडलं नाही, हे त्यांच्यावर येतं."

"देते की अंगठा," सुईण म्हणाली. "खरंच आहे ते. पाय थंड पडायला लागले तेव्हा मीच चोळत होते. डोळे मीच मिटले."

पुतणीनं सुटकेचा श्वास सोडला आणि धाकटीकडे बघितलं. धाकटी हसली नाही. पुढचं काय येणार हे तिला ठाऊक होतं.

"पण पुढचंही लिहा," सुईण म्हणाली.

"पुढचं काय?"

"तेरा तारखेला ती माझ्या दारात आली, ते."

चहावर साय धरत होती. दादानं चष्मा लावला, काढला.

"कोण आली?"

"सिस्टर. कोण म्हणजे? माझ्याकडे आली, कुंभाराकडे आली, त्या तिघी जावांकडे आली. सगळ्या घरांत. रोज. एकवीस तारखेला फाटक उघडेपर्यंत. हात धरून नाडी बघितली, प्रार्थना म्हटली, तारीख लिहिली, गेली. दारं जाऊन बघा. कार्यालयाच्या माणसांनी फोटो काढून नेलेत."

"अहो मावशी, तुम्हालाही ताप होता," पुतणी घाईनं म्हणाली. "तापात माणूस..."

"ताप मला नव्हता. असता तर बरं झालं असतं." सुईणीनं कप जमिनीवर ठेवला. "ती प्रार्थना म्हणताना दोनदा श्वास घ्यायची, आठवतं? तेरापासून घेतला नाही. एका दमात. मी मनगट तिच्या हातात देऊन बसले होते आणि वाट बघत होते, आता घेईल, आता घेईल. नाही घेतला."

वहिनी खाली बसली. 

दादा मात्र उठला. त्याचा आवाज वर्गातला झाला. "दुसऱ्या कोणी बाईनं युनिफॉर्म घातला असेल! मेलेल्या बाईचा कपडा होता, घातला असेल कोणी, भलेपणानं घातला असेल. सोंग आणलं असेल."

सुईण हसली. दात नसलेलं कोरडं हसू. "मास्तर, आमच्याकडे तेव्हा दोन पायांवर उभी राहणारी बाई मी एक. मी सोंग आणलं असेल तर मग माझ्या दारात आलं कोण?"

"बघितलंस?" दादा धाकटीकडे वळला. "हीच ना तुझी साक्षीदार? ही कार्यालयात हे बोलली की झालं! ते म्हणतील, घ्या, वस्तीसुद्धा सांगते, हजर होती. तेलही गेलं, तूपही गेलं. त्यापेक्षा सही करू, निदान नाव तरी राहील."

"मावशी, फक्त पहिलं सांगा ना," पुतणी रडकुंडीला आली होती. "दुसरं खरं असेल, नसेल, पण ते सांगू नका. तिच्या माथी अकरा जीव येतायत हो."

"अर्धं सांगू?" सुईण म्हणाली. "तिनं मला अर्धं कधी दिलं?"

गेला महिनाभर जे धाकटीनं दाताखाली धरून ठेवलं होतं ते आता धरवेना.

"ती खरं बोलतेय," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"युनिफॉर्म मी धुतलेत."

कोणालाच अर्थ लागला नाही, तेव्हा तिनं पहिल्यापासून सांगितलं. फाटकाच्या खिडकीखाली पत्र्याची पेटी होती. रोज चार वाजता ती धुतलेला युनिफॉर्म पेटीत ठेवायची, वापरलेला उचलायची, घरी आणून उकळायची. हे सगळ्यांना माहीत होतं. तेरा तारखेला मात्र जायचं कारण नव्हतं. आदल्याच दिवशी डोळ्यांनी बघितलं होतं. पण पावलांना सवय होती, ती गेली. पेटी उघडली. आत वापरलेला युनिफॉर्म होता. बाह्या आत दुमडून घडी घातलेली, ताई घालायची तशी.

"मला वाटलं, आदल्या दिवशीचा राहिला असेल. मी धुतलेला ठेवला, तो घेतला. चौदाला मी ठेवलेला वापरून परत आला होता. मग पंधराला. नऊ दिवस, दादा. मी एक शब्द बोलले नाही. उकळत राहिले."

"उकळून काय निघालं?" वहिनीनं विचारलं. कुजबुजून विचारलं.

"घाम नव्हता वहिनी. एवढ्या उन्हात बाई घरोघर फिरते आणि काखेत घाम नाही. पाणी मातकट व्हायचं. नुसती माती, कालव्याच्या काठची, चिकट. आणि डाव्या बाहीच्या कडेला निळा खडू."

"डोकं फिरलंय सगळ्यांचं!" दादा ओरडला. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी आत वळून बघितलं. ते त्याला दिसलं, आणि अब्रूची आठवण झाली तसा तो तरातरा गेला आणि भिंतीला टेकलेलं दार त्यानं धाडकन लावून घेतलं.

सुईणीनं मान खाली घातली. बाकी सगळ्यांनी दाराची आतली बाजू बघितली.

या घराच्या दारामागेही तारखा होत्या. आईला बघायला ताई दर रविवारी यायची तेव्हा स्वतःच्या घरातही लिहायची. वहिनी पुसायची आणि कुरकुरायची, हा काय दवाखाना आहे. फाटक बंद झालं त्यानंतर वहिनीनं पुसणं थांबवलं होतं. शेवटची तारीख होती फाटक बंद व्हायच्या आधीच्या रविवारची, तीस. तिच्याखाली आता दुसरी तारीख होती.

सतरा. आजची. निळी, ठसठशीत, आणि डावीकडून उजवीकडे फासलेली.

आतल्या खोलीत आईचा पलंग करकरला.

"हा तुझा खडू आहे," दादा म्हणाला. त्याचा आवाज कुठून तरी लांबून येत होता. "तुझ्या डब्यातला. तूच लिहिलंस. वस्तीतल्याही तूच..."

"कुलूप होतं ना फाटकाला? मी कशी लिहिणार?"

"मग हे तरी तू लिहिलंस! मला सही करू द्यायची नाही म्हणून!"

धाकटीनं डब्यातला खडू घेतला आणि दाराशी जाऊन उजव्या हातानं खाली सतरा लिहिलं. आकडे स्वच्छ आले. हात पुढे गेला तो कोऱ्या लाकडावरून, त्यानं काही फासलं नाही. मग तिनं डाव्या हातानं लिहायचा प्रयत्न केला. एक कसाबसा आला, साताचा नुसता पिळवटलेला दोरा झाला. तिनं खडू दादासमोर धरला.

"तू लिही. वहिनी, तुम्ही लिहा. ताईसारखा एक सात काढून दाखवा कोणीही."

कोणी खडू घेतला नाही. पुतणीनं वरच्या तारखेला बोट लावलं. बोट निळं झालं. लहान मुलीनं फ्रॉकला पुसावं तसं तिनं ते ओढणीला पुसलं आणि ती बापाजवळ न जाता आत्याजवळ जाऊन उभी राहिली.

घड्याळात चार वाजले होते. आतून आईचा आवाज आला, रोजच्यासारखा, किंचित त्रासिक.

"दार कोणी आपटलं रे? ती आत्ताच गेली असेल नसेल. तिला लागलं असतं."

वहिनी आत धावली. सगळे तिच्यामागे गेले. आई उशीला टेकून बसली होती, उजवं मनगट चादरीवर उताणं ठेवून, जसं नाडी बघायला देतात.

"आई," वहिनी तिच्या पायाशी बसली. "सिस्टर गेल्या ना? आम्ही सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही रडला होता."

"मला काय विसर पडलाय का? गेली. मीच तिची आई, मला नाही कळणार?" आई म्हणाली. "म्हणून काय झालं? वस्तीतलं काम उरकलं तशी आज आली. हात फार गार होता गं. मी म्हटलं, बस जरा. म्हणाली, बसून चालायचं नाही, अजून कोणी आलेलं नाही."

"कोण आलेलं नाही?" दादानं विचारलं.

"ते मी कसं सांगू? तिच्या जागी कोणी यायचं असेल. कोणी आल्याशिवाय ती जागा सोडायची नाही, तुला ठाऊक नाही का तिचा स्वभाव?"

वहिनीनं आईचं मनगट उचलून चादरीखाली घातलं. मग पदरानं तोंड पुसत उठली, बाहेरच्या खोलीत गेली, आणि दादाच्या टेबलावरचा जाड कागद उचलून तिनं त्याची चारदा घडी घातली.

"अगं काय करतेस?"

"दवाखान्यात दुसरी नर्स नेमली का त्यांनी?" तिनं मुलीला विचारलं.

"नाही. जागा भरलेलीच दाखवतायत. नोंदीत आत्या हजर आहे ना."

"म्हणजे महिना झाला आणि अजून तिलाच राबवतायत." वहिनीनं घडी मुठीत आवळली. भीती होती की राग, ते धाकटीला कळलं नाही. बहुतेक दोन्ही एकाच पातेल्यात उकळत होती. "बाई मेली तरी हिला सुट्टी नाही! माझ्या नणंदेशी मी आयुष्यभर भांडले, तिच्या तारखा पुसल्या. पण हे नाही. अहो, तुम्ही या कागदावर सही केलीत तर ती मोकळी व्हायची नाही, कळतंय का तुम्हाला? भिंतीवर नाव कोरून तिला तिथेच खिळवून टाकतायत."

"आणि पोरीची नोकरी?"

"मला शिवण येतं थोडं," पुतणी म्हणाली. "आत्या ठेवेल हाताखाली."

"काज नीट करत नाहीस तू," धाकटी म्हणाली, आणि तेवढ्यातही कोणीतरी हसलं. बहुतेक सुईण.

दादा बराच वेळ दारामागच्या तारखेसमोर उभा होता. त्यानं खिशातून घड्याळ काढलं, हातात धरलं, पुन्हा खिशात ठेवलं. ताईची प्रार्थना त्यानं मनात म्हणून बघितली असावी. ओठ हलत होते. मध्ये दोनदा त्यानं श्वास घेतला. मग तो यंत्रापाशी आला आणि म्हणाला, "आण तुझं ते पुराण."

धाकटीनं राहिलेलं लिहिलं. सगळं लिहिलं. पेटी, माती, श्वास न घेता म्हटलेली प्रार्थना. पुतणी म्हणाली, आत्या, हसतील. धाकटी म्हणाली, हसू देत, पण वाचून हसू देत. सुईणीनं अंगठा उठवला. दादानं सवयीनं लाल पेन घेतलं, 'जबाबदारि'ची ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली, 'पाठीमागे' नीट केलं आणि तळाशी सही केली. त्याच लाल शाईनं.

पाचाला दोन मिनिटं असताना दार वाजलं. वहिनीनंच उघडलं. शिपाई होता, बगलेत फाईल, चेहऱ्यावर सायंकाळची घाई.

"सही झाली?"

"झाली," दादा म्हणाला, आणि धाकटीचे तीन कागद त्याच्या हातात दिले.

शिपायानं उलटसुलट करून बघितलं. "हा आपला कागद नाही. मला सही आणायला सांगितलंय. हे पत्र आहे. याच्यात तर काहीतरी विचारलंय."

"हो," धाकटी म्हणाली. "वाचता येतं ना? शेवटचं वाचा. साहेबांना पाठ म्हणून दाखवायचंय तुम्हाला."

शिपाई दारातच उभा होता. उघड्या दाराच्या मागे निळी तारीख अंधारात गेली होती. त्यानं कागद उजेडाकडे केला आणि अडखळत वाचलं:

"आमची बहीण बारा तारखेला मेली. एकवीस तारखेपर्यंत ती वस्तीत हजर होती. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीवर आमची सही आहे. अकरा माणसं मेली तेव्हा त्यांचा हात धरायला एक मेलेली बाई हजर होती. आजही आहे, कारण तुम्ही तिच्या जागी कोणाला पाठवलेलं नाही. आता तुम्ही सांगा. जिवंतांपैकी तिथे कोण हजर होतं? नाव सांगा."